पिवळं हेल्मेट

मला मागणी घालायला मंडळी मोहगावला आली तेव्हा बाबांनी एकच प्रश्न विचारला होता. मुलगा परमनंट आहे का? मुलाच्या मामांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं, "होऊन राहिला ना जी." म्हणजे होतो आहे, झालेला नाही; पण बाबांना तेवढं पुरलं. मुलगा पांढुर्ण्याचा, बारावी होऊन आयटीआय केलेला, फिटर, बोरगावच्या एका कारखान्यात लागलेला. शेती करणाऱ्याच्या घरी मला द्यायचं नाही असं आईने ठरवलं होतं, आणि मास्तर किंवा तलाठी आमच्या ऐपतीबाहेरचे. त्या दोघांच्या मधला, कॉलेजची पायरी न चढता महिन्याच्या महिन्याला पगार आणणारा असा कंपनीवाला जावई मिळतोय म्हटल्यावर घरात सगळे खूश झाले. मीही झाले, खोटं कशाला बोलू.

तो पुढे कितीतरी वर्षं परमनंट होऊनच राहिला.

आम्ही सौसरला खोली केली, कारण बोरगाव तिथून जवळ. कारखान्यात माणसं हेल्मेटवरून ओळखायची. कंपनीच्या माणसाला निळं, ठेकेदाराच्या माणसाला पिवळं. मशीन तेच, नाकात जाणारा कापूस तोच, रात्रपाळी तीच. पण निळ्याला पगारी सुट्टी, फंड, आजारपणाचं कार्ड आणि बँकेत गेलं की बसायला खुर्ची. पिवळ्याला ब्रेक. ब्रेक म्हणजे काही महिने झाले की माणसाला काढल्यासारखं करायचं आणि पंधरवड्याने नवीन घेतल्यासारखं करायचं, म्हणजे हा इथे सलग राबतो आहे असं कुठे दिसू नये. माझा नवरा त्या कारखान्यात इतक्यांदा नवीन लागला की शेवटी गेटवरचा वॉचमन त्याला थट्टेने नवरदेव म्हणायला लागला.

ब्रेकच्या दिवसांत तो फिरायचा. लाईनमनची भरती, रेल्वेची भरती, पाणीपुरवठ्यातला पंपवाला, काहीही. कुठे डिग्री नको म्हणायचे आणि रांगेत पुढे सगळे डिग्रीवालेच उभे असायचे. नागपूरकडे गेला की तिथले म्हणायचे, तुम्ही एमपीचे. भोपाळकडे गेला की तिथले म्हणायचे, तुम्ही मराठी. तो घरी येऊन हे हसत सांगायचा. मला हसू यायचं नाही. मला संताप यायचा, आणि तो काढायला समोर तोच असायचा.

आमच्या घरात सगळं 'परमनंट झालं की मग' होतं. नळ असलेली खोली मग. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन मग. मूलसुद्धा मग. मी जामसांवलीला मारुतीला इतके नारळ फोडले की दुकानदार मला पाहून न विचारता नारळ निवडायला लागला.

आणि एका वर्षी, आषाढातली आखाडी झाल्यानंतर, खरंच बोलावणं आलं. ठेक्यावरच्या काही जणांना कंपनी आपल्याकडे घेणार होती. इंटरव्ह्यू झाला, काम करवून पाहिलं, यादी लागली, यादीत त्याचं नाव होतं. फक्त मेडिकल राहिलं होतं. ते पोळ्यानंतर तिसऱ्या दिवशी.

मी म्हटलं, यंदा पोळ्याला पांढुर्ण्याला जायचं नाही. तो म्हणाला, "आई एकटी आहे. सणाले पोरगा नाही गेला तं लोकं काय म्हनतीन?" आमच्याकडे ना बैल, ना गोठा. पण पोळा म्हणजे पोळा. गेलो.

ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि एका काठावरून पांढुर्णा, दुसऱ्या काठावरून सावरगाव, दिवसभर एकमेकांना दगड मारतात. काल ज्याच्या घरी जेवले त्यालाच मारतात, आणि उद्या पुन्हा त्याच्याच घरी जेवतात. मी मोहगावची. मला हे कधी कळलं नाही आणि मी कळून घेतलंही नाही. पण माझं सासर नदीजवळच्या गल्लीत, जिथे आदल्या दिवशीच खिडक्यांना पत्रे ठोकतात. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला सासऱ्यांच्या फोटोतली कपाळावरची खोक दाखवली होती, देवघर दाखवावं तशी.

"उद्या नदीवर जायचं नाही," मी पोळ्याच्या संध्याकाळीच बजावलं.

"नाही जात. येडा आहे का मी?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, चंडीमातेचं दर्शन घेऊन येतो. आणि पिशवीतून पिवळं हेल्मेट काढलं. ते त्याने सौसरहून सोबत आणलं होतं.

"दर्शनाले हेल्मेट काहून लागते?" मी विचारलं.

"गर्दी राह्यते तिथं."

सासूबाई दाराशी आल्या. त्यांनी उंबऱ्यावर पाणी शिंपडलं. त्या काठावर जन्मलेल्या माणसाला नदीवर जायचं ठरवावं लागत नाही, न जायचं ठरवावं लागतं, आणि ते त्याला जमलं नाही. हेल्मेट असल्यावर काय होतं, असा त्याचा हिशेब. पण ठेकेदाराच्या हेल्मेटला हनुवटीखालचा पट्टा नसायचा. तो मागच्या रांगेत उभा होता म्हणे, दगड उचललासुद्धा नव्हता. लोकांचा लोंढा मागे आला, धक्क्याने हेल्मेट घसरलं, ते धरायला त्याने उजवा हात वर केला आणि दगड त्या हातावर बसला.

घरी आला तेव्हा अंगठ्याजवळची दोन बोटं वांग्यासारखी झाली होती. सासूबाईंनी देवीची भभूत लावली. मी म्हटलं, दवाखान्यात चला, आत्ता. नदीजवळच सरकारी डॉक्टर बसलेले होते, चालत जाण्यासारखे.

तो म्हणाला, "पिलास्टर केलं तं मेडिकलला दिसन."

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि डोकं भणाणलं. ज्या हाताच्या भरवशावर नोकरी, तो हात मोडलेला, आणि ती नोकरी मिळावी म्हणून तो हात बांधायचा नाही. "दोन दिवसाची तं गोष्ट आहे," तो म्हणाला. "सूज उतरन. एकदा सही झाली का त्याच दिवशी पिलास्टर करतो." मी रडले, भांडले, सासूबाईंना मध्ये घातलं. सासूबाई म्हणाल्या, "बाई, त्याची नोकरी आहे, त्याले समजते." दोन बोटं चिंधीने एकमेकांना बांधून तो सौसरला आला, आणि ठरल्या दिवशी हात खिशात घालून बोरगावला गेला. तिथे त्याला सांगितलं, डॉक्टर आले नाहीत, पुढच्या हप्त्यात या.

तो हप्ताभर थांबला. मी त्या आठवड्यात त्याच्याशी बोलले नाही. त्याला ताप यायचा, तो गोळी खाऊन भिंतीकडे तोंड करून पडायचा. त्या खोलीत आम्ही दोघं एकाच गोष्टीची वाट पाहत होतो आणि एकमेकांचं तोंड पाहायला तयार नव्हतो.

मेडिकलच्या डॉक्टरांनी डोळे पाहिले, कान पाहिले, छाती पाहिली. मग म्हणाले, मूठ वळा.

संपलं.

नंतर नागपूरला दाखवलं. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, हाड वाकडंच जुळलं, आता सरळ करायचं तर पुन्हा मोडावं लागेल. काम चालते ना, चालू द्या. ठेकेदाराने त्याला पुढच्याच आठवड्यात परत घेतलं. ठेकेदार कोणाची मूठ पाहत नाही. फिटरचं काम मात्र गेलं, पॅकिंगला टाकलं, पगार कमी. जेवताना त्याची ती बोटं ताठ राहायची आणि भात ताटाबाहेर सांडायचा. सांडलेला भात उचलताना मी दर वेळी काहीतरी बोलायचे. एक दगड नाही चुकवता आला. तुमच्यासोबतचे निळी हेल्मेट घालून हिंडतात. हातची गेली, तुमच्यापायी गेली. तो ऐकायचा आणि पाणी मागायचा. पुढे आम्हाला मुलगी झाली. परमनंटची वाट पाहत मी थांबले नाही.

सासूबाई दिसत नाही दिसत नाही म्हणतच गेल्या.

मागच्या उन्हाळ्यात त्याच्याबरोबर यादीत असलेला एक जण बहिणीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आला. नवरा कामावर होता. हा बोरगावचाच, मेडिकल पास झालेला. मी त्याला चहा दिला आणि जीभ काही आवरली नाही. म्हटलं, "तुमचं बरं आहे भाऊ, निळ्या हेल्मेटवाल्याचं. सुट्ट्या काय, फंड काय."

त्याने कप खाली ठेवला. "कोनतं निळं, वहिनी?"

"परमनंट झाले ना तुम्ही."

"झालो होतो. त्याच साली दिवाळी होऊन संक्रांत आली तवा बोलावलं आमाले. म्हने, कंपनीनं एजन्सी आनली, आता तुमी एजन्सीचे, सह्या करा. नाही करत म्हनलं त्यायले गेट दाखवलं. निळे हेल्मेट वापस घेतले." त्याने कप पुन्हा उचलला. "भाऊले तं तवाच मालूम आहे. स्टोअरातून मले पिवळं त्यायनंच आनून देल्लं."

तो गेल्यावर मी तशीच बसून राहिले. चहाच्या भांड्यावर साय धरली. मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, कारण नवऱ्याच्या चुकीने काहीच गेलं नव्हतं. तसं वाटलं नाही. उलट काहीतरी नव्याने मेल्यासारखं वाटलं. इतकी वर्षं त्या दगडाच्या पलीकडे आमचं एक बरं चाललेलं घर उभं होतं, नळाचं, निळ्या हेल्मेटचं. ते नव्हतंच कधी. आणि त्यासाठी याने हात वाकडा जुळू दिला होता.

संध्याकाळी तो आला, हेल्मेट खिळ्याला लावलं, पाय धुतले. मी ताट वाढलं आणि विचारलं, "तुम्हाले मालूम होतं. मंग सांगतलं काहून नाही? मी एवढं बोलून राहिली होती."

तो भात कालवत राहिला. मला वाटलं, नेहमीसारखा पाणी मागेल.

"तू म्हने, हातची गेली," तो म्हणाला. "हातची गेली म्हनलं का, एकदा हातात आली होती असं वाटते. मलेही बरं वाटे."

मी सांडलेला भात उचलला. काही बोलले नाही.

त्यानंतर फार दिवस झाले नाहीत. आम्ही जेवायला बसलो असताना मोहगावहून माझ्या भावाचा फोन आला. त्याच्या मोठ्याचं आयटीआय होत आलं आहे. भाऊ म्हणाला, पोरगा खचून गेला आहे, कशातच मन लागत नाही त्याचं, शिकून काय फायदा असं म्हणतो. मग त्याने विचारलं, "जावईबापूच्या कंपनीत परमनंट करतेत का आता? खरं काय ते सांग. त्याले तसं सांगतो."

फोनचा आवाज मोठा होता. नवऱ्याला ऐकू गेलं असणार. त्याचा घास ताटातच राहिला.

"करतेत," मी म्हटलं. "तुमच्या जावयाले करतच होते. तू फक्त त्याले पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याले पाठवू नको."