मामींच्या स्वेटरचा ससा

एकाही जनावराच्या केसाला धक्का न लावता सहा हिवाळे नेमाने शिकार केलेला शिकारी अख्ख्या सस्काटूनमध्ये एकच, आणि तो आमच्या नात्यातला आहे. हे हिचे मामा. पोटॅशच्या खाणीत तीस वर्षं इंजिनियर होते. निवृत्त झाल्यावर माणसं गीता वाचतात, क्रूझला जातात. मामांनी शिकारीचं लायसन्स काढलं. गावाबाहेर त्यांच्या एका मित्राच्या मेंढ्या आहेत आणि कायोटी, म्हणजे आपल्या कोल्ह्याचा दांडगा चुलतभाऊ, त्या पळवतो, एवढं निमित्त त्यांना पुरलं. जखमी सशासारखी किंचाळणारी एक शिट्टी असते, ती फुंकून कायोटीला बोलवायचं. मामा तिचा रियाज बेसमेंटमध्ये करत. पुण्याच्या बहिणीने एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर बोलताना काळजीने विचारलं, "अरे, तुमच्याकडे बाळ कुणाचं रडतंय?"

शिट्टीला भुलून आलेला कायोटी ससा शोधतो, आणि तो दिसला नाही की त्याला शिट्टीवाला दिसतो. म्हणून खोटा ससा मांडायचा. त्याला डिकॉय म्हणतात. "जावईबापू, त्याने सशाकडे बघायचं, आपल्याकडे नाही. सिंपल!" असं मामा मला बर्फात पालथं झोपवून समजावत. दुकानातला प्लॅस्टिकचा ससा त्यांना पसंत पडेना. तेव्हा मामींनी आपल्या जुन्या तपकिरी स्वेटरचा ससा शिवून दिला, गुबगुबीत पोटाचा, बटणांच्या डोळ्यांचा. पण स्वेटर कोणता, तर ओट्याशी घालायचा! इकडे फोडणीचा वास लागू नये म्हणून सगळे कोट बेडरूममध्ये कोंडतात आणि स्वयंपाकाला एकच स्वेटर ठेवतात. मामींच्या स्वेटरने वीस वर्षांचं हिंग, मोहरी, लसूण पचवलं होतं. कायोटी यायचा, वास घ्यायला लांबून वळसा घालायचा, नाक वर करायचा आणि शेपूट घालून पळायचा. ते ऐकून मामी पोट धरून हसत. "माझ्या हातचं तुम्हालाच तेवढं सोसतं हो," म्हणत.

एका ऑक्टोबरात मामी गेल्या. आजार जेमतेम तीन आठवड्यांचा. पहिला बर्फ पडला आणि मामांचा फोन आला, "येताय ना?" ससा तोच होता, कायोटीही तसाच पळाला. परतताना मी शहाणपणा केला. म्हटलं, "मामा, ससा एकदा बेकिंग सोड्यात धुऊन काढू या का? तुमच्या मित्राच्या मेंढ्या तरी वाचतील."  घरी पोचल्यावर मामा ड्राइव्हवेमध्ये गाडी थांबवून म्हणाले, "तिचे सगळे कपडे तुम्ही लोकांनी धुऊन डोनेट केलेत. हा राहू द्या." मला माझीच लाज वाटली. त्यानंतर माझ्या लक्षात आलं, पिशवीत ठेवण्याआधी दर वेळी ते सशाला नाकाशी धरायचे. मी तेवढ्यापुरता बुटांच्या नाड्या बांधायचो.

पुढच्या हिवाळ्यात, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, कायोटी आला. वळसा घातला, नाक वर केलं, थांबला. आणि सरळ सशाकडे चालत आला. त्याने ससा हुंगला, कान दातात धरून ओढू लागला. नेम आंधळ्यानेही धरला असता. "मामा, मारा ना," मी कुजबुजलो. मामा बंदूक खाली ठेवून चक्क उभे राहिले, आणि कायोटी पसार झाला. गुडघाभर बर्फातून धडपडत जाऊन त्यांनी ससा उचलला, हातमोजे काढले आणि तो बराच वेळ नाकाशी धरून ठेवला. मग माझ्यापुढे केला.

"बघा हो जरा. तुम्हाला येतो का?"

मी हुंगला. ओल्या लोकरीखेरीज कशाचाच वास नव्हता.

"येतो की, मामा," मी म्हणालो. "हिंगाचा."