लाल टॅग लावलेली बाटली

आमच्या प्रभागातून तो निवडून आला, हे आधीच सांगून टाकतो. गुलाल उधळत, जेसीबीतून फुलं पाडत मिरवणूक निघाली. प्रत्येक सोसायटीच्या गेटवर थांबली, फक्त आमच्या गेटवर थांबली नाही. मी गॅलरीत मुद्दाम उभा होतो, आणि त्यानं मान वर करून बघितलं नाही. मला तेवढं पुरे आहे.

त्याचं परिचयपत्रक मी अजून ठेवलंय. गुळगुळीत कागद, हात जोडलेला फोटो. ‘सामान्य शेतकरी कुटुंबात जन्म.’ खरं आहे. मोशीत त्यांची जमीन होती, ती बिल्डरला गेली. राहिली ती नदीकाठची विहीर आणि त्या विहिरीच्या जिवावर उभे राहिलेले पाण्याचे टँकर. विहिरीचा उल्लेख पत्रकात आहे, टँकरचा नाही. पुढं भूमिका. नदीवरचा फेस हटवणार. कचरा डेपोचा वास घालवणार. चाकणच्या रस्त्यावरची कोंडी फोडणार. आणि सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, प्रत्येक घराला रोज स्वच्छ पाणी. वाचलं आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली. अरे, ज्या दिवशी नळाला रोज पाणी येईल त्या दिवशी तुझे टँकर उभे कुठं करशील?

मी आकुर्डीच्या एका कंपनीत आयुष्यभर क्वालिटीला होतो. सदोष माल दिसला की त्याला लाल टॅग लावायचा, टॅगवर तारीख आणि सही घ्यायची, आणि एक नमुना आपल्याकडं ठेवायचा. ही सवय निवृत्त झालो तरी गेली नाही. बायको म्हणते, तुमच्या भाजीलासुद्धा टॅग लागतो.

तीन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्याच्या टँकरचं पाणी हिरवट यायला लागलं. वास असा, की तोंडाला धरवेना. मी दोन बाटल्या भरल्या, झाकणांवर चिकटपट्टी लावली आणि लाल टॅगवर टँकरचा नंबर लिहून ड्रायव्हरची सही घेतली. एक बाटली वॉर्ड ऑफिसात दिली. ती तिथल्या खिडकीत बरेच दिवस उन्हात पडून होती, पुढं काही झालं नाही. दुसरी मी घरी ओट्याखाली ठेवली. चूक झाली ती त्या सहीची. क्वालिटीवाला माणूस सही घेतल्याशिवाय राहत नाही, आणि ड्रायव्हर मालकाला सांगितल्याशिवाय राहत नाही. सांगितलंच त्यानं.

त्यानंतर महिन्यानं माझ्या मुलीची हळद होती. घरात पाहुणे मावत नव्हते. नवऱ्याकडच्या बायका उष्टी हळद घेऊन आल्या, गाणी झाली, पोरीला पाटावर बसवून नखशिखांत हळद लावली. आता आंघोळ घालायची, तर नळाला टिपूस नाही. सकाळचा टँकर आलाच नव्हता, आणि आख्ख्या गल्लीत फक्त आमच्याच बिल्डिंगला आला नव्हता. मी त्याला फोन लावला. हात जोडल्यासारखा बोललो, माफीसुद्धा मागितली. तो शांतपणे म्हणाला, “काका, आमचं पानी घान हाय ना? मग चांगलं बगा कुटनं तरी.”

पोरगी दोन तास पाटावर बसून होती. अंगावरची हळद वाळून तडकत होती, आणि ती मान खाली घालून हातावरचे पापुद्रे खुडत होती. शेवटी दुकानातून पिण्याच्या पाण्याचे जार आणले आणि तांब्यातांब्यानं तिला आंघोळ घातली. बघायला सगळं सासर हजर. तिची नणंद अजून सणासुदीला तो विषय काढते, तुमच्याकडं हळदीला पाणी नव्हतं म्हणून. पोरगी हसून घेते. मला नाही हसता येत. त्या दिवशी मी त्याच्यावर डूख धरला, आणि त्याची जिरवल्याशिवाय राहणार नाही असं स्वतःला बजावलं. बाटली फेकून द्या म्हणून बायकोनं किती वेळा सांगितलं, मी ऐकलं नाही.

यंदा निवडणूक लागली आणि हे महाशय उमेदवार. आमच्या चेअरमनला त्यानं आख्खी बिल्डिंग रंगवून द्यायचा शब्द दिला. चेअरमन खूश. रविवारी सकाळी पार्किंगमध्ये सभा ठेवली. उमेदवार येणार, भूमिका मांडणार, आणि मग सगळ्यांनी हात वर करून बिल्डिंगचा एकगठ्ठा पाठिंबा जाहीर करायचा. मी मनात म्हटलं, बरं झालं, आपल्या पायानं येतोय. बायकोला सांगून ठेवलं, मी खूण केली की त्या बाटलीतलं पाणी स्टीलच्या ग्लासात ओतून खाली आण. स्टीलच्या ग्लासात पाण्याचा रंग दिसत नाही. ती हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. नुसतं “बघते” म्हणाली. हळदीच्या दिवशी जारचं पाणी पोरीच्या अंगावर तिनंच ओतलं होतं, तिचाही राग माझ्याएवढाच असणार, म्हणून मला शंका आली नाही.

तो आला. सगळ्या म्हाताऱ्यांच्या पाया पडला, माझ्यासुद्धा. पाण्यावर तर असा बोलला, की माहीत नसतं तर मीच मत दिलं असतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चेअरमन ठराव मांडायला उठला तसा मी बायकोला खूण केली. ती ताटलीत एकच ग्लास घेऊन त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्यानं हसून हात पुढं केला.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, “भाऊ, हे तुमच्याच टँकरचं पाणी आहे. माझ्या मुलीच्या हळदीच्या आधी आलं होतं, ते जपून ठेवलंय. घ्या.”

त्याचा हात ग्लासाला लागला होता, तो मागं आला. म्हणाला, आत्ताच च्या झालाय. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, ज्यांच्या नातवाला त्या उन्हाळ्यात कावीळ झाली होती, त्या बसल्या जागेवरून म्हणाल्या, एक घोट तर घ्या. तो घड्याळ बघायला लागला. तेवढ्यात माझ्या बायकोनं तो ग्लास उचलला आणि त्याच्याकडं बघत गटागटा पिऊन टाकला. मी तिला अडवायला पुढं झालो, तोवर ग्लास रिकामा झाला होता. त्याचा चेहरा मात्र असा पडला, की तीन वर्षांचा माझा उपास त्या एका क्षणात सुटला.

पुढची सभा आहे म्हणून तो निघून गेला. चेअरमननं ठराव मांडला नाही, आणि बिल्डिंगला रंग काही लागला नाही. भिंतींचे पोपडे अजून पडतात. पडू देत.

मी धावत वर आलो. बायकोला डॉक्टरकडं न्यायचं म्हणून चप्पलसुद्धा काढली नाही. ती शांतपणे कांदा चिरत होती. मी ओट्याखाली वाकून बघितलं. बाटली जागच्या जागी होती. लाल टॅग, ड्रायव्हरची सही, झाकणावरची चिकटपट्टी, सगळं तसंच.

ती म्हणाली, “माठातलं होतं. दारात आलेल्या माणसाला असलं पाणी द्यायला मी काय त्याच्यातली आहे?”

पहिल्यांदा मला तिचाच राग आला. मग मी खुर्चीत बसलो आणि एकटाच हसत सुटलो. आमच्या माठातल्या स्वच्छ पाण्याला तो हात लावू शकला नव्हता.

बाटली मी अजून फेकलेली नाही. पाच वर्षांनी तो पुन्हा मतं मागायला येणार, आणि त्या वेळी ग्लास मी स्वतः भरणार आहे.