जावेला वरताण केक

आता काय सांगू तुम्हाला, स्वतःच्या हातानं स्वतःचं हसं कसं करून घ्यावं हे शिकायचं असेल, तर माझ्याकडे शिकवणी लावा!

माझी धाकटी जाऊ शैला. गंगाखेडला आमची घरं भिंतीला भिंत लागून. सासरे, म्हणजे आमचे मामा, तिच्याकडे राहतात. बाई गुणाची आहे, मान्य. पण तिनं एकदा सफरचंदाचा केक केला आणि माझं सुखच संपलं. अंडं नाही, ओव्हन नाही. साधा कुकर, रिंग आणि शिट्टी काढलेला, आणि त्यातून असा मऊ केक! आमच्या ह्यांनी वीस वर्षांत माझ्या पुरणपोळीला नुसतं 'हं' म्हटलंय. त्या माणसानं तिची ताटली बोटानं पुसून चाटली!

जळाले मी. खोटं कशाला बोलू?

त्यात आमची दहा वर्षांची ईश्वरी, पोटची पोर, वाढदिवसाच्या आदल्या दिवशी म्हणते, "मम्मी, केक काकूलाच करू दे. तुझा लय चिवट होतो."

"काकू काय आभाळातून पडली का? मीच करणार!"

बोलून बसले. आता इज्जतीचा सवाल! शैलानं कृती सांगितली होती. मैदा, दही, साखर, तेल, सफरचंदाच्या फोडी, बेकिंग पावडर. तसाच मी दोनदा केला, दोनदा भाकरी झाली. म्हणजे बया काहीतरी लपवते! तिची पावडरच वेगळी असणार. तुमच्या मनात तरी दुसरं काय आलं असतं?

वाढदिवसाच्या सकाळी शैला गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी विरजणाचं निमित्त करून तिच्या स्वयंपाकघरात शिरले. देवळीजवळ बेकिंग पावडरचा डबा. उचलला, पदराखाली घातला आणि घरी! वास घेऊन बघितला? छे. चोराला कुठली सवड? दोनाऐवजी चांगले चार चमचे घातले. तिचा केक बोटभर फुगतो ना? माझा वीतभर फुगेल!

कुकर गॅसवर चढवला, तोच पलीकडून मामांचा आवाज आला.

"शैला, माझ्या भस्माचा डबा कुठं हाय?"

आम्हा लिंगायतांत अंघोळ झाली की कपाळाला भस्म, मग लिंगपूजा. त्याआधी मामा पाण्याचा घोटही घेत नाहीत.

"आवं मामा, तिथंच ठेवला की! बेकिंग पावडरच्या रिकाम्या डब्यात भरलंय!"

रिकामा डबा कोणती बाई फेकते हो? माझी हळदसुद्धा बिस्किटांच्या डब्यात असते!

डबा गुपचूप ठेवून यावा म्हणून धावले, तर दारातच शैला आणि मागं मामा.

"अक्का, तुमच्याकडं भस्म हाय का? मामा सकाळधरनं उपाशी..." तिची नजर माझ्या हाताकडे गेली. "ह्यो डबा?"

"मला वाटलं... तुझी पावडर... केकात..."

मामांनी डबा घेतला, तळाचं भस्म कपाळाला लावलं, पूजा उरकली आणि परत आमच्या स्वयंपाकघरात आले. कुकर उघडला. केक कसला, पाटा निघाला!

"भस्म हाय, टाकायचं न्हाई. समद्यांनी एकेक तुकडा खायाचा." पहिला त्यांनीच खाल्ला. बराच वेळ चावत होते. मग म्हणाले, "सूनबाई, आजवर भस्म वरून लावलं. तू आतून लावलंस!"

शैला पदर तोंडाला लावून हसली, आणि दुसरं पीठ भिजवायला बसली. वर माझी समजूत घालते!

"अक्का, पावडरीत काई न्हाई. तुमी दर पाच मिन्टाला झाकण उघडून बघायलाव, म्हणून केक बसतो."

चांगली आहे म्हणूनच तर जास्त राग येतो हो तिचा!

संध्याकाळी ईश्वरीनं केक कापला आणि पहिला घास काकूला भरवला. पोटच्या पोरीनं! मी कोपऱ्यात उभी राहून नुसती धुमसत होते.

आणि धुमसता धुमसता चार तुकडे खाल्ले. मेला, लय मऊ झाला होता!