माझ्या पंचाहत्तरीची वरात

आमच्या दाराची घंटा वाजते ती आमच्यासाठी नसते, हे मी लग्न होऊन इकडे हिंदी मुलखात, जयेंद्रगंजात, राहायला आलो तेव्हापासून पाहत आलो आहे.

कारण साधं आहे. आमच्या मराठी समाजाचं सभागृह आणि आमचं घर यांची भिंत एक, फाटकं जुळी. त्यामुळे हॉलवर लग्न असलं की निम्मं वऱ्हाड आधी आमच्याकडे! “भाईसाब, लड़कीवाले इधर ठहरे हैं क्या?” “बाऊजी, ज़रा इस्त्री मिलेगी?” एकदा तर नवऱ्या मुलाचे फूफाजी, म्हणजे आत्याचे यजमान, सरळ आत येऊन आमच्या दिवाणावर झोपले. विदाईच्या वेळी त्यांना शोधत सगळी मंडळी आली, तर हे घोरतायत आणि माझी बायको सुधा त्यांच्यावर पांघरूण घालतेय!

सुधाला हे सगळं आवडायचं. दाराजवळ तिने सेफ्टीपिनांचा एक डबा ठेवला होता, कुणाच्या पदराला, कुणाच्या घागऱ्याला. मी चिडलो की म्हणायची, “असू द्या हो. लग्नघर आहे.”

“लग्नघर ते! हे माझं घर आहे!” मी ओरडायचो. (डीजेपुढे तिला ते ऐकू जात नसे. संसार टिकला तो त्यामुळेच असं माझा मुलगा अतुल म्हणतो.)

सुधा गेली. अतुल हैदराबादला. आता डीजे लागला की फळीवरचे स्टीलचे डबे एकटेच थडथड नाचत आणि मी त्यांच्यासमोर एकटाच थरथरत बसे. शेवटी समाजाच्या वार्षिक सभेत उभा राहिलो आणि असा कडाडलो म्हणता! “हे सभागृह आपल्या आजोबा-पणजोबांनी संस्कारांसाठी बांधलं. इथे डीजे? धिंगाणा? यापुढे फक्त आपले संस्कार. मुंज, डोहाळजेवण, वयोवस्था शांत आणि शोकसभा. बस!”

आमचे सेक्रेटरी नाना देवळे कळवळले. “अहो भाऊसाहेब, बाहेरची लग्नं बंद केली तर हॉल ओस पडेल. आपली पोरं सगळी पुण्या-बंगलोरला. मुंजा कुणाच्या करायच्या? आपल्या?”

“आणि तक्रार आली तर वर्षभर हॉल बंद!” मी आणखी जोर चढवला.

“तक्रार करणार कोण?”

“भिंतीला भिंत लागलेला शेजारी. दुसऱ्या कुणाला त्रासच नाही तर हक्क कसला?”

एवढ्यात मागून बटाटेवड्यांचा वास आला. आमच्याकडे वडे तळायला लागले की कुठलाही ठराव एकमताने पास होतो. झाला!

आणि मग जी शांतता पसरली म्हणता! पहिला आठवडा मी राजासारखा झोपलो. दुसऱ्या आठवड्यात टीव्हीचा आवाज वाढवला. लग्नसराई आली आणि गेली, डबे जागचे हलले नाहीत, इस्त्री मागायला कुणी नाही. घंटा बिघडली असणार म्हणून मी पाटणकर बाजारातून इलेक्ट्रिशियनला बोलावून आणलं. त्याने स्टुलावर चढून सगळं खोलून पाहिलं, बटण दाबलं, घंटा खणखणीत वाजली.

“बेल तो एकदम चकाचक है बाऊजी,” तो म्हणाला. “बस कोई दबाता नहीं।”

त्याला मी चहा पाजला. मग दुसरा पाजला. तो निघाला तेव्हा विचारलं, “पंखा भी देख लोगे?” (पंखा ठीक होता.) खरं सांगतो, त्या दिवशी सुधाची फार आठवण आली. सेफ्टीपिनांचा डबा उघडला तर पिना गंजायला लागलेल्या.

गेलो नानांकडे. “नाना, तो नियम जरा सैल करू या.”

“अजिबात नाही! तुमचाच नियम. हॉल हवा असेल तर संस्कार दाखवा.”

आता माझी मुंज होऊन गेलेली, डोहाळे लागण्याची शक्यता नाही. उरल्या दोनच गोष्टी, शांत आणि शोकसभा. दुसरीत मला जेवता आलं नसतं. म्हणून ठरवलं, पंचाहत्तरीची शांत!

फोनवर अतुल म्हणाला, “बाबा, पर आप तो तिहत्तर के हो ना?”

“अरे, अधिक महिने धर ना! दर तिसऱ्या वर्षी एक महिना जास्तीचा मिळतो. जन्मापासूनचे सगळे धरले की पंचाहत्तर भरतात. गुरुजींनीही बसवून दिलंय.”

“ठीक आहे बाबा, येतो मी. पक्का.”

मी श्रीखंड सांगितलं, पुऱ्या सांगितल्या, फाटकावर दिव्यांच्या माळा सोडल्या. सकाळी होम झाला. दुपारी अतुलचा फोन आला. “बाबा, वो ऑफिस में कुछ फँस गया है. व्हिडिओ कॉल करतो ना!” संध्याकाळी औक्षणाला पंचाहत्तर दिवे लागले आणि हॉलमध्ये माणसं मात्र हाताच्या बोटांवर. नाना, त्यांची बायको म्हणजे आमच्या वहिनी, गुरुजी, आणि शेजारच्या खुर्चीवर ठेवलेल्या मोबाइलमध्ये अतुल, तोही अडकत अडकत. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये मी नवं धोतर नेसून पाटावर बसलो होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. वहिनींना म्हटलं, दिव्यांचा धूर.

आणि रस्त्यावर बँड वाजायला लागला!

वरात पुढच्या मॅरेज गार्डनला निघाली होती. पण बँडवाले जुने, वर्षानुवर्षं आमच्याच हॉलवर वळलेले. त्यांनी माळा पाहिल्या, फाटक उघडं पाहिलं आणि सवयीने आत वळले! त्यांच्यामागे डीजेची गाडी, गाडीमागे नाचणारे, आणि सर्वांत मागे बिचारा घोडीवरचा नवरदेव.

“अहो, नियम! नियम!” नाना हात पसरून आडवे धावले. त्यांना वाटलं अडवतोय, वरातीला वाटलं नाचतायत. त्यांच्यावर नोटा ओवाळल्या गेल्या!

“ये ताऊजी कौन हैं?” एका बाईने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं.

“पचहत्तर साल का हुआ हूँ,” मी म्हटलं. “आज.”

“अरे, हैप्पी बड्डे ताऊजी!” म्हणत दोन पोरांनी मला पाटासकट उचललं. बायकांनी ताम्हन हातात घेऊन पाळीपाळीने ओवाळलं. श्रीखंड-पुरीचा फडशा पडला. वरून मी धोतर सावरत ओरडत होतो, “पिना आहेत! घरी सेफ्टीपिना आहेत!” मोबाइलमधून अतुल किंचाळत होता, “बाबा, ये चल क्या रहा है?”

चूक कळल्यावर मंडळी माफी मागत गार्डनला गेली. नाना धापा टाकत माझ्या घरी आले. कोटाची बाही उसवलेली, गळ्यात कुणाचा तरी हार.

“भाऊसाहेब, तक्रार घ्यावी लागणार. डीजे वाजला. हॉल वर्षभर बंद.”

“कुणाची तक्रार?”

“भिंतीला भिंत लागलेल्या शेजाऱ्याची...” म्हणता म्हणता नानांनी माझ्याकडे पाहिलं. “बरं. शेजारी म्हणून विचारतो. आवाजाचा त्रास झाला का?”

“कसला आवाज? नाना, पंचाहत्तरी झाली माझी. आता काही म्हणजे काही ऐकू येत नाही.”

“अधिक महिने कानांनाही लागले वाटतं?” नाना म्हणाले.

त्यावर मी काहीतरी झणझणीत उत्तर देणार होतो. पण तेवढ्यात बाहेरून आवाज आला, “बाऊजी, हमारे फूफाजी इधर तो नहीं छूट गए?” आणि दाराची घंटा वाजली. ती पुरती वाजून व्हायच्या आत मी, ठार बहिरा माणूस, धोतर सावरत दारापर्यंत पोचलो होतो.