कडूबा पेंटरने अंबडला आणलेलं विलायती गाव

अंबडच्या कडूबा पेंटरला विचारा, बाबा तू जग किती पाहिलंस, तर तो बोटांवर मोजून सांगेल: ताजमहाल सात वेळा, म्हैसूरचा राजवाडा चार वेळा आणि हवामहल किती वेळा ते आता आठवत नाही. यातली एकही वास्तू त्याने जाऊन पाहिलेली नाही. सगळ्या त्याने प्लायवूड, बांबू आणि कापडातून लग्नाच्या दारात उभ्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खिळे उपसून टेम्पोत भरल्या.

माणूस मूळचा आष्टीचा. शाळेच्या भिंतीवर सुविचार लिहायचं काम एकदा त्याच्याकडे आलं आणि त्याचा अभ्यास तिथेच संपला, कारण पुढची दोन वर्षं मास्तर त्याच्याकडून भिंतीच रंगवून घेत होते. मग तो अंबडला आला. कोर्टासमोरच्या निम्म्या वकिलांच्या पाट्या त्याच्या हातच्या. वकील सरळ होते की नाही ते पक्षकार जाणोत, पण त्यांच्या नावातलं एकही अक्षर कधी कलंडलं नाही. हा गडी ब्रश हातात घ्यायच्या आधी भिंतीला ओळंबा लावायचा. दोरीला टांगलेला तो पितळी गोळा आजही त्याच्या खिशात असतो.

पुढे फ्लेक्स आला आणि पाट्या गेल्या. कडूबा तीन महिने घरात तोंड पाडून बसला. शेवटी त्याची बायको झुंबरबाई वैतागली. "पाट्या मशीनवर निघून राह्यल्या, पण लग्नं तर अजून दारातच लागतात ना? उठा, कमानी करा," असं म्हणून तिने शिलाई मशीन पुढे ओढलं. तेव्हापासून लाकूडकाम आणि रंग त्याचा, कापड तिचं, आणि शेवटचा शब्दही बहुतेक वेळा तिचाच.

तर या कडूबाला फेब्रुवारीत थेट इंग्लंडहून फोन आला. फोन तीर्थपुरीच्या वंदनाचा. पाच वर्षांपासून ती तिकडच्या एका जुन्या गावातल्या दवाखान्यात नर्स आहे. लग्न ठरलं होतं. मुलगा जालन्याचाच, पण तोही त्याच गावात नोकरीला. लग्न वैशाखात, अंबडच्या मंगल कार्यालयाच्या मैदानात. सगळं जुळलं होतं, एक गोष्ट सोडून.

लेक द्यायची तर आधी घर पाहून यायचं, ही आपल्याकडची रीत. चार माणसं जातात, गाव बघतात, पाणी कुठून येतं ते विचारतात, शेजार कसा आहे त्याचा अंदाज घेतात, आणि मगच सुपारी फुटते. वंदनाच्या आईचा, उषाबाईंचा, व्हिसा दोनदा नाकारला गेला. तेव्हापासून त्यांचं एकच चाललं होतं: "लेकीच्या गावाची वेससुद्धा मी पाह्यली न्हाई. मी तिला कुठं पाठवून राह्यले, ते मला तरी काय माहीत?" लग्नाला त्यांची ना नव्हती, पण त्यांचं मनही लागत नव्हतं. साड्या बघायलासुद्धा त्या गेल्या नाहीत.

"काका, आईला तिकडं नेता येत न्हाई," वंदना फोनवर म्हणाली. "तुम्ही माझं गावच इकडं आणा."

"म्हंजे कमान करायची का, ताई?"

"कमान न्हाई. गल्ली करा. आई चालत चालत पाहीन अशी."

तिने साठ फोटो पाठवले. गावाची दगडी वेस, घड्याळाचा मनोरा, टोकदार शिखराचं चर्च. बाजाराच्या मधोमध पायऱ्यांच्या ओट्यावर उभा असलेला दगडी क्रूस. काळ्या लाकडाचं आणि पांढऱ्या चुन्याचं पाचशे वर्षांचं एक घर, ज्यात आता बेकरी आहे. आणि टेकडीवर एक जुना किल्ला. त्या गावाचं नाव कडूबाला शेवटपर्यंत नीट म्हणता आलं नाही. तो आपला ‘वंदनाचं गाव’ म्हणायचा.

फोटो पाहून मात्र कडूबाचा जीव हळहळला. बेकरीचं घर रस्त्यावर असं झुकलेलं, की खालून जाणाऱ्याने देवाचं नाव घ्यावं. किल्ल्याला ना छप्पर ना धड भिंत. "एवढं पैशावालं गाव, आन् एक गवंडी मिळंना यांना?" तो म्हणाला. मग त्याने स्वतःचीच समजूत घातली. घर वाकडं दिसतं, कारण वंदनाने फोन वाकडा धरला असणार. किल्ला पडका आहे, पण लग्नाच्या दारात पडकं काही ठेवायचं नसतं, हे काय तिने सांगायला पाहिजे? पोरगी परदेशी, तिला कसं आठवणार.

त्याने ओळंबा काढला आणि अख्खं गाव दुरुस्त केलं. बेकरी ताठ उभी केली. किल्ल्याच्या भिंती बांधल्या, वर छप्पर घातलं, छपरावर कळस बसवला आणि दाराला आंब्याच्या पानांचं तोरण लावलं.

झुंबरबाईने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा कामाकडे. "अहो, फोटूत तर घर कलंडलंय."

"घर न्हाई कलंडलं. फोटू काढणारी कलंडल्ती."

लग्नाच्या चार दिवस आधी वंदना आली. मैदानात शिरली आणि उभीच राहिली. किल्ल्यावरचा कळस पाहून तिला जे हसू फुटलं, ते तिला रंगाच्या डब्यावर बसावं लागेपर्यंत थांबेना. कडूबाही खूश होऊन हसला. मग तिने डोळे पुसले.

"काका, लय देखणं झालंय. पण हे माझं गाव न्हाई."

मग तिने सांगितलं. ते घर बांधलं तेव्हा लाकूड ओलं होतं. ते वाळत गेलं, वाकत गेलं आणि घराने तशीच पाचशे वर्षं काढली. लोक लांबून ते वाकडेपण पाहायला येतात. किल्ला जुन्या काळी लढाईत पडला, आणि आता तो तसाच पडका राखतात. तिथलं गवत कापायला, दगड सांभाळायला माणूस आहे.

"पडकं पडकंच ठिवायला माणूस? पगारी?" कडूबाचा विश्वास बसेना.

"बिलकुल पगारी. काका, आई एकेका ठिकाणी मला इचारीन, हे असंच हाये का म्हणून. लग्नाच्या दिवशी मी तिला खोटं कसं सांगू?"

ती गेल्यावर कडूबाने चहा घेतला नाही. चाळीस वर्षांत त्याने मुद्दाम एक रेघ वाकडी मारली नव्हती. आता सगळा तालुका येऊन बघणार आणि म्हणणार, कडूबाची नजर गेली. त्याला मनापासून वाईट वाटलं होतं. झुंबरबाईने त्याला तासभर रुसू दिलं, आणि मग म्हणाली, "सरळ तर कोणबी उभं करतंय. वाकडं उभं करा आन् पडू देऊ नका. जमतंय का?"

ही मात्रा लागू पडली. त्याने पुन्हा ओळंबा काढला, पण या वेळी घर दोरीपासून किती हटवायचं ते मोजायला. वरच्या टोकाला सव्वा हात. मागून टेकू, खालून वाळूची पोती. मग करवत घेऊन किल्ला पाडला. ऐन लग्नाच्या तोंडावर स्वतःच्या हाताने इमारत पाडणारा सगळ्या जिल्ह्यात तोच पहिला असेल.

लग्नाच्या दिवशी सकाळी उषाबाई आल्या. बाकी बायका हळदीच्या गडबडीत होत्या. मायलेकी दोघीच वेशीतून आत शिरल्या, आणि कडूबा पडद्यामागच्या फटीला डोळा लावून उभा राहिला. एवढा घाम त्याला कुठल्या ताजमहालाच्या वेळी आला नव्हता.

उषाबाई घर पाहायला आल्यासारख्याच चालत होत्या. "दूध कुठं मिळतं?" घड्याळाच्या शेजारी. "तुझा दवाखाना?" चर्चच्या मागं. बेकरीसमोर त्या थबकल्या.

"हे असंच हाये?"

"असंच हाये, आई. पाचशे वर्षं झाली."

उषाबाईंनी मान वर करून पाहिलं आणि तरीही रस्त्याच्या पलीकडून गेल्या. फटीमागे कडूबाला कोण आनंद झाला.

बाजारात आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "आन् करमत न्हाई तव्हा कुठं जाती?"

वंदनाने दगडी क्रूसाच्या पायऱ्यांकडे बोट केलं. "इथं बसते."

उषाबाई सरळ गेल्या आणि त्या पायरीवर बसल्या. ती पायरी बघायची होती, बसायची नव्हती. पातळ प्लाय आणि खाली दोन कामट्या. कडकन आवाज झाला. कडूबा मागून गुडघ्यांवर आत घुसला आणि त्याने पायरीखाली पाठ दिली. हुश्श करतो न करतो, तोवर वंदनाही आईजवळ बसली.

"पहिल्या डिसेंबरात," ती वर बोलत होती, "चारलाच अंधार पडायचा. ड्युटी सुटली की इथं बसून रडायची मी. एक म्हातारी फुलं इकायची. काय बोलायची न्हाई. माझं रडणं थांबंस्तोवर आपली जवळ बसून राहायची."

उषाबाईंनी पायरीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "बरी हाये जागा. जवळ बसणारं माणूस हाये, मंग राहता येतंय तिथं." आणि त्यांनी लेकीचा हात मांडीवर घेतला.

तिकडे बँड सुरू झाला. मांडवातून वंदनाच्या वडिलांच्या हाका येऊ लागल्या. झुंबरबाई वाकून मागच्या बाजूने आत डोकावली, तर नवरा ओणवा, तोंड लालबुंद.

"अगं माय! उठवू का त्यांना?"

कडूबाने मान हलवली. "न्हाई," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बसू दे. लय लांबून आल्यात."