नकार हवा होता

सर्व्हरवरची टेस्ट चौथ्यांदा फेल झाली. बाहेरच्या मॉड्यूलने रेकॉर्ड पुसायला जायचं आणि सिस्टिमने ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ म्हणायचं, एवढीच ती टेस्ट. आमची सिस्टिम खुशाल पुसू देत होती.

कोणाला काय करू द्यायचं ते ठरवणारी पॉलिसी फाइल बोंडेकाकांनी लिहिली होती. राज्य नवं झालं तेव्हा भोपाळहून रायपूरला आलेले क्लार्क. बावन्नाव्या वर्षी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले. सर्व्हरवर ठेवलेल्या प्रत्येक फाइलची नोंद ते आवक रजिस्टरात करत. आम्ही हसायचो.

ऑफिसचे मोठे सर मला म्हणाले, “कल तक नहीं हुआ मैडम, तो काकाजी जगदलपुर के रेकॉर्ड रूम में।”

जगदलपूर रायपूरपासून तीनशे किलोमीटर, आणि काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन रायपूरला ठरलं होतं. त्या भोपाळला सामान बांधून बसल्या होत्या.

“मायंच चुकलं असन,” काका म्हणाले. “तू काहून डोकं फोडून राहिली?”

मी काकांच्या फाइलची ओळन् ओळ तपासली. चूक नव्हती. मग प्रत्येक क्लास, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, कुठून उचलला जातो ते जावाला छापायला लावलं. त्या बाहेरच्या मॉड्यूलचा क्लास आमच्या फोल्डरमधून येतच नव्हता. जावाच्या स्वतःच्या ‘एक्स्ट’ फोल्डरमध्ये त्याची जुनी प्रत पडली होती. जावा आधी तिथे बघतो, आणि तिथलं सगळं घरचं समजून त्याला पूर्ण मोकळीक देतो. काकांचे नियम त्याला लागूच नव्हते.

ती प्रत ठेवली कोणी? मी रजिस्टर उघडलं. डेमोच्या दिवशी, काकांच्या वळणदार अक्षरात: ‘एक प्रत एक्स्टमध्ये. तात्पुरती.’ पुढे सही माझी.

डेमो अडला होता, म्हणून मीच टाकली होती. आणि विसरले होते.

प्रत काढली, टेस्ट चालवली. ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’. सरांकडे जाऊन चूक कबूल केली आणि बोलणी खाल्ली.

“काका, नोंद तुमचीच होती. आधी का नाही दाखवली?”

“तुया हातचं होतं ना पोरी. तिकडं शंका घ्याचं मनातच नाही आलं.”

मला फार लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल फार माया. ते तोवर फोनवर काकूंना सांगत होते, “सामान रायपूरलेच पाठव.”

मग त्यांनी रजिस्टर माझ्यापुढे सरकवलं. प्रत काढल्याची नोंद झाली होती, सही राहिली होती. मी केली. आता तात्पुरतं काही ठेवलं, की ते काढायची तारीखही तिथेच लिहिते.