आत्याचे कान आणि उसना डबा

माझी आत्या कानांवर पोट भरते. कार्यालयांतल्या चौकश्यांची रेकॉर्डिंग तिच्याकडे येतात आणि ती घरी बसून ती शब्दाला शब्द टाइप करते. कोण कुणाला काय बोललं, गोदामाची किल्ली कुणाकडे होती, असल्या भानगडी. बोलणाऱ्यांत निम्मे पुटपुटणारे, उरलेले सगळे एकदम बोलणारे. आत्याचा नियम एकच: जे कानाला लागलं नाही ते अंदाजाने लिहायचं नाही. तिथे कंसात ‘ऐकू आलं नाही’ टाकायचं आणि पुढे सरकायचं. माझ्या अंदाजापायी कुणाची नोकरी जायला नको, असं तिचं म्हणणं. हा नियम ती घरातही पाळते. काकांनी तिसऱ्या चहाचं नाव काढलं की तिला हमखास ऐकू येत नाही.

तिचे हेडफोन म्हणजे दोन पातेली आणि मधे एक पट्टी. पूर्वी ती एका स्टुडिओत होती. तो बंद पडला तेव्हा मालकाने निरोपाला दिलेले. वायर जुन्या टेलिफोनसारखी वेटोळी, पिन करंगळीएवढी जाड; लॅपटॉपसाठी तिला पुढे बारीक पिनेचा जोड लावलेला.

गेलं वर्षभर तिच्या कागदांत कंस वाढत चालले होते. तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. मी एकदा तिच्या लॅपटॉपवर माझा अर्ज टाइप करायला बसलो, तर समोर तिचं अर्धवट पत्र: ‘कान साथ देत नसल्याने यापुढे काम घेता येणार नाही.’

“आत्या, हे काय?”

“दुसऱ्याचं पत्र वाचू नये.”

“कान तपासलेस?”

“तपासायचं काय त्यात? गेलेत ते मला कळतंय की.”

काका पेपराआडून म्हणाले, “मी बिस्किटांचा डबा उघडला की आतल्या खोलीतून ओरडते ही. हे गेलेले कान?”

“तुमचं बिस्किट मला नाकानेही कळतं.”

हसली, पण पत्र काही पुसलं नाही. वीस वर्षं केलेलं काम सोडायची तिची तयारी झाली होती.

माझ्या ऑफिसात एक नकाशे काढणारा आहे. घरी गाणी ऐकायला त्याने हेडफोनचा वेगळा ॲम्प्लिफायर घेतलाय. साबणाच्या वडीएवढा काळा डबा, वर एक गोल बटण. त्यामुळे म्हणे गायिकेने श्वास कुठे घेतला तेही ऐकू येतं. तो असं बरंच बोलतो. तरी मी डबा चार दिवसांसाठी मागितला. त्याने तो तान्हं बाळ सोपवावं तसा माझ्या हातात दिला.

“डब्याने कान येतात होय?” आत्या म्हणाली. “मग डॉक्टरांनी दुकान बंदच करावं.”

“ऐकून तर बघ.”

“बघते. पण मला बरं वाटावं म्हणून बरं वाटायला नको. मी पाठ फिरवून बसते, तू पिन बदल. आणि आवाज दोन्ही वेळा सारखा ठेव. जरा मोठं असलं की तेच चांगलं वाटतं माणसाला. स्टुडिओत भले भले फसायचे.”

एका खणखणीत आवाजाच्या साहेबाचं रेकॉर्डिंग लावलं. आठ वेळा मी पिन बदलली, आठ वेळा तिने डबा आहे की नाही ते सांगितलं. चार बरोबर, चार चूक.

“कान झाकून काहीही सांगितलं असतं तरी एवढंच जमलं असतं,” ती म्हणाली. “दे परत त्याला. श्वास ऐकत बसू दे.”

मी वरमलो. तरी म्हटलं, एखादं पुटपुटणारं लाव. तिने गोदामवाल्याचं लावलं. त्या एका पानावर अकरा कंस होते. लॅपटॉपचा आवाज शेवटापर्यंत नेला तरी गोदामवाला भिंतीपलीकडून बोलावा तसा. मी मधे डबा जोडला आणि बटण हळूहळू फिरवलं.

आत्याने हात वर केला. “थांब. मागे घे.”

तीनदा मागे घेतलं. कागदावर होतं, ‘किल्ली मी दिली’ आणि पुढे कंस. तिने कंस पुसून लिहिलं, ‘असती तर सही घेतली असती.’

तिने पान खालपर्यंत नेलं. अकरापैकी आठ कंस भरले, तीन राहिले.

“मग आधी कसं ऐकू यायचं तुला?” मी विचारलं.

“आधी तो टेप होता ना, स्टुडिओतलाच. कॉम्प्युटरचा आवाज त्यात घालायचे आणि हेडफोन त्याला...” ती थबकली आणि हळूच काकांकडे वळली. “अहो.”

काकांनी पेपर वर घेतला.

“लॅपटॉप आला तेव्हा टेबल कुणी आवरलं?”

“अगं, कॅसेटी कुठे राहिल्या होत्या? जागा अडवून बसला होता. भंगारवाला दारात आला...”

असं झालं होतं तर. त्या पातेल्यांतून आवाज निघायला मागून जोर लागतो. तो टेपात होता, या पातळ लॅपटॉपात नाही. टेप गेला आणि वर्षभर बिचारे कान शिव्या खात राहिले.

“मी आणून देतो डबा,” काका म्हणाले. “आजच.”

“तुम्हीच आणायचा. आणि बिस्किटं बंद.”

पण तिचं लक्ष पडद्यावर होतं. तिने जुनं पत्र पुसलं आणि नवं लिहायला घेतलं: ज्या चौकश्यांचे निकाल लागायचेत, त्यांची वर्षभरातली रेकॉर्डिंग परत पाठवावीत, कंस पुन्हा ऐकायचे आहेत, पैसे नकोत.

“आणि ज्यांचे निकाल लागले?” मी विचारलं.

तिची बोटं थांबली. मग ‘ज्या चौकश्यांचे निकाल लागायचेत, त्यांची’ एवढं तिने पुसून टाकलं.

“सगळीच मागवते,” ती म्हणाली आणि हेडफोन चढवले.